आमच्या गल्लीने भरलेली कार्डं

नात पहिल्यांदा शाळेच्या मैदानात गेली त्या दिवशी तिथे ओळीने टेबलं मांडलेली होती. शाळा सरकारी, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. जूनमध्ये जी मुलं पहिलीत बसणार, त्यांना काय येतं आणि काय येत नाही ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बघून घेतात. त्याला मेळावा म्हणतात. पताका लावतात, मुलांच्या डोक्यावर कागदाचे मुकुट घालतात. मग आईने मुलाचा हात धरून त्याला एकेका टेबलावर न्यायचं. कुठे मणी ओवायचे, कुठे रेघेवरून चालायचं, कुठे चित्र बघून गोष्ट सांगायची, कुठे वस्तू मोजायच्या. प्रत्येक टेबलावरच्या बाई मुलाच्या कार्डावर खूण करतात. कार्डावर तीन रकाने असतात. स्वतः करते. मदतीने करते. अजून जमत नाही.

सुनेला सुट्टी मिळाली नव्हती. ती सिन्नरला कंपनीत पॅकिंगचं काम करते, सकाळी द्वारका चौकातून कंपनीची बस धरते. मुलगा मालाची गाडी चालवतो, तो कधी घरी येईल ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून नातीला घेऊन मी गेले.

मणी तिने भराभर ओवले. रेघेवरून सरळ चालली. पण चित्राचं टेबल आलं आणि तिने माझा पदर तोंडात धरला. चित्र बाजाराचं होतं. टेबलावरच्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "काय दिसतंय सांग बरं. भाजी दिसते का?" ही खाली मातीकडे बघत राहिली. "टोमॅटो कुठे आहे, बोट तरी दाखव." बोटसुद्धा उचललं नाही तिने. मागे बायका मुलं घेऊन उभ्या होत्या, ऊन वाढत होतं. बाईंनी तिसऱ्या रकान्यात खूण केली. मोजायच्या टेबलावर तेच झालं. नाव सांगायच्या टेबलावर तेच.

मैदानाच्या बाहेर पडलो आणि तिने पदर सोडला. म्हणाली, "आजी, त्या चित्रातल्या बाईच्या तराजूत एका बाजूला काहीच नव्हतं. मग ती तोलत काय होती?"

मी चित्र नीट बघितलंच नव्हतं. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

ही मुलगी माझ्यावर गेली आहे. मी आमच्या गावात चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि तिकडे मुलींना पाठवत नव्हते. त्या चार वर्षांत वर्गात मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. गुरुजींनी विचारलं की उत्तर माझ्या पोटात असायचं, ते तिथेच राहायचं. लग्न होऊन नाशिकला आले तरी तसंच. दुकानात गेले तर माझ्या मागून आलेली बाई सामान घेऊन निघून जाते आणि मी उभीच. म्हणून मला लिहायला बरं वाटतं. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

मेळावा झाल्यावर शाळेतल्या बाई गल्लीत आल्या. सुट्टीत आयांनी गट करून मुलांचा अभ्यास घ्यायचा होता. दर आठवड्याला फोनवर एक कागद येणार, त्याप्रमाणे मुलांकडून करून घ्यायचं आणि फोटो काढून पाठवायचा. गटाला एक पुढारी पाहिजे, तिला लीडर माता म्हणतात. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका कामाला जातात. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

समोरच्या घरात पिठाची गिरणी आहे. ती चालवणारी बाई माझ्याच वयाची. दिवसभर गिरणीच्या आवाजावरून ओरडावं लागतं, त्यामुळे तिचं हळू बोलणंही अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. ती म्हणाली, "वहिनींना करा. दुपारच्या त्या घरीच असतात."

मी म्हटलं, "अहो, मला बोलता येत नाही."

"बोलायचं कुठे आहे? फोटोत उभं राहायचंय."

"आणि माता कसली हो," कोणीतरी मागून म्हणालं, "लीडर आजी म्हणा."

सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि माझं नाव लिहून घेतलं गेलं. तेव्हापासून नळावर गेले की "सरका गं, लीडर आजी आल्या" असं होतं. मला त्याचा राग नाही.

ज्या मुलांच्या कार्डावर तिसऱ्या रकान्यात जास्त खुणा होत्या, त्यांच्यासाठी एका संस्थेने एक मुलगी पाठवली. मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून आम्हीही ताईच म्हणायला लागलो. सिन्नरच्या पलीकडच्या एका खेड्यातून शेअर जीपने यायची. स्वतः अजून शिकत होती. सकाळी आमच्या समाजमंदिरात सतरंजी टाकून पाचसहा मुलांना घेऊन बसायची. नात एकटी थांबायची नाही, म्हणून मी दाराशी लसूण सोलत बसायचे.

पहिले काही दिवस नात तिथेही गप्पच. ताईने गाणी म्हणून बघितली, बाहुली आणली, गोळ्या दिल्या. गोळ्या खाल्ल्या, बोलली नाही. एकदा ताई भिंतीला तक्ता चिकटवत होती. तिच्या दातांत चिकटपट्टी होती, पाठ मुलांकडे. ती तशीच म्हणाली, "खाली लाल झाकणं किती पडलीत रे?" ताईने मोजायला बाटल्यांची झाकणं जमवली होती, ती सतरंजीवर पसरलेली होती. मागून माझ्या नातीचा आवाज आला, "सात."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. ताईचे हात तक्त्यावर तसेच राहिले. दुसऱ्या कोणी वळून बघितलं असतं. ताई वळली नाही. भिंतीकडे बघूनच म्हणाली, "आणि निळी?"

"निळी चार. एक फुटकं."

जाताना ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, हिच्याकडं बघायचं नाय. बघितलं की दार बंद. लय हुशार हाय पोरगी, पण तिला तोंडावर तोंड नको."

दुसऱ्या दिवसापासून ताई मुद्दाम पाठमोरी बसायला लागली. बाकीच्या मुलांना त्याची गंमत वाटायची. ती भिंतीशी बोलायची आणि नात तिच्या वेणीशी बोलायची. चित्र मांडीवर ठेवून नात सांगायची, हा माणूस छत्री घेऊन चाललाय पण कुत्रा भिजतोय. मग हळूहळू ताई वळायला लागली. आधी नुसता खांदा. मग गाल. एखाद्या दिवशी जास्त वळली तर नात गप्प व्हायची, की ताई पुन्हा भिंतीकडे वळायची. सुट्टी संपत आली तेव्हा ती अर्धी वळून बसत होती. नात झाकणांकडे बघायची, ताई झाकणांकडे बघायची, आणि दोघी बोलायच्या.

"शाळा उघडल्यावर पण मी येणारे," ताई मला म्हणाली होती. "पहिलीच्या वर्गात, दुपारची. दिवाळीपर्यंत मी तिच्यासमोर तोंड करून बसते का नाय बघा. एकदा माझ्याशी बोलली की मग बाईंशी पण बोलंल."

मी घरी येऊन सुनेला सांगितलं. ती बसमधून उतरून आली होती, पाय धूत होती. तिने तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "आई, ती ताई राहिली पाहिजे हो."

ताईने हेही सांगितलं होतं की जिथे मुलं जास्त मागे, तिथे आम्हाला देतात. ते मी ऐकलं होतं, गिरणीवाल्या बाईने ऐकलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याचा कार्डाशी संबंध आहे हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शाळा उघडायच्या सुमाराला दुसरा मेळावा झाला. तीच टेबलं, तेच मुकुट, तेच कार्ड. फक्त या वेळी टेबलावर आम्हा आया-आज्यांना बसवलं. शाळेत बाई कमी होत्या, आणि आयांनीच बघायचं असंही वरून आलं होतं. आपल्या मुलाचं कार्ड आपण भरायचं नाही एवढा एकच नियम. बाईंनी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या. म्हणाल्या, "जे असेल ते खरं लिहा हं. आणि मागच्यापेक्षा प्रगती दिसली पाहिजे." दोन्ही एका दमात म्हणाल्या. आम्ही माना हलवल्या.

मला मोजायचं टेबल दिलं. तिथे बोलायचं कमी असतं म्हणून मीच मागून घेतलं होतं. टेबलावर चिंचोके होते. पहिली दोन मुलं नीट मोजून गेली. मग आमच्या कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा आला. एक, दोन, चार, सात, दहा. सांगताना तो चिंचोक्यांना हातही लावत नव्हता. मी हळूच म्हटलं, "बोट ठेवून मोज." त्याने बोट ठेवलं आणि पुन्हा एक, दोन, चार. त्याच्यामागे त्याची आई उभी. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर हिने आमच्याकडे दोन्ही वेळचा डबा दिला होता. ती म्हणाली, "मावशी, सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याने. घरी शंभरपर्यंत म्हणतो."

पेन्सिल माझ्या हातात होती. त्याची आई माझ्या हाताकडे बघत होती. मी पहिल्या रकान्यात खूण केली.

सगळ्या टेबलांवर असंच चाललं होतं. जिच्याबरोबर रोज नळाला उभं राहायचं, जिच्याकडून विरजण आणायचं, तिच्या लेकराच्या नावापुढे "जमत नाही" कोण लिहिणार? आमच्या गल्लीत तर भांडलेल्या बायकाही तसं लिहिणार नाहीत. भांडण आपल्या जागी, लेकरू आपल्या जागी.

शेजारच्या टेबलावर गिरणीवाली बाई होती, चित्राच्या गोष्टीला. नात सुनेबरोबर आली. त्या दिवशी सुनेने खाडा केला होता. नातीने मुकुट कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. गिरणीवाल्या बाईने दोनदा विचारलं, मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हिला काय विचारायचं? हिला सगळं येतं. दळण टाकायला येते तर कोणाचा डबा कोणता ते मला सांगते ही." आणि खूण केली. पहिल्याच रकान्यात. नात एक अक्षर बोलली नव्हती.

मी बघितलं आणि मला बरं वाटलं. सुनेने माझ्याकडे बघितलं, तिलाही बरं वाटलेलं होतं. गिरणीवाली बाई खोटं बोलत नव्हती. येत होतंच नातीला.

शेवटी सगळ्या मुलांनी कार्डं उंच धरली आणि फोटो निघाला. आमच्या शाळेची कार्डं आसपासच्या शाळांत सगळ्यांत चांगली निघाली. फाटकावर मोठा फलक लागला, त्यात तो फोटो. मोठे सर माइकवर म्हणाले, आपली शाळा आता मागे नाही. टाळ्या वाजल्या, मुलांना पेढे मिळाले. नातीने पेढा खाल्ला नाही, ताईसाठी ठेवते म्हणाली. कागदात गुंडाळून देवाजवळ ठेवला.

ताई पुढच्या आठवड्यात आली ती झाकणांची पिशवी न घेता आली. गिरणीसमोर आम्ही तिघीचौघी उभ्या होतो.

"मला नाशिक रोडच्या बाजूच्या एका शाळेवर दिलंय," ती म्हणाली. "तिकडं मुलं लय मागं हायेत."

गिरणीवाली बाई म्हणाली, "अगं पण आपली शाळा पहिली आली ना? मग तुला शाबासकी द्यायची सोडून हाकलतात होय?"

"पहिली आली म्हणूनच ना मावशी. इथं कोणी मागं उरलंच नाय. कार्डावर."

 गिरणीत दाणे संपले होते, ती रिकामीच फिरत होती.

"तिकडच्या बायकांनी काय लिहिलं?" मी विचारलं.

"जे होतं ते. बांधकामावरच्या बाया हायेत, कोण कुठली, कोण कुठली. एकमेकींची तोंडं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली त्यांनी. त्यांना काय वाटायचंय?"

"मग हे आधी सांगायचं ना बाई," गिरणीवाली बाई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो उतरला होता.

"मला मेळाव्यात उभं राहायलाच मनाई होती. आम्ही शिकवलेलं, आम्ही बघायचं नाय म्हणे."

नात शाळेत होती. ताईला जीप गाठायची होती. मी आत जाऊन पेढा आणला. तो कडक झाला होता. पिशवी नसल्यामुळे ताईने तो तसाच ओढणीच्या टोकाला बांधला. म्हणाली, "सांगा तिला, खाल्ला म्हणून."

पुढचे महिने लिहायला माझा हात उचलत नाही. पण लिहिते.

पहिलीच्या बाई वाईट नाहीत. वर्ग भरलेला, एक बाकडं मोडकं, वरून सारखे काहीतरी कागद मागवतात. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाचं कार्ड होतं. ज्यांच्या कार्डावर कमी असेल त्यांना त्या जवळ बसवून समजून घेणार होत्या. तसं कार्ड कोणाचंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा मोठ्याने काहीही बोलतो, त्यामुळे त्याला येत नाही हे बाईंना लवकर कळलं, आणि त्या त्याच्याकडून रोज मोजून घेतात. नात बोलतच नाही. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला फक्त कार्डच होतं.

एक दिवस मी तिला आणायला जरा लवकर गेले. ती वर्गाच्या दाराबाहेर उभी होती. एकटीच. भिंतीकडे तोंड. मला बघून रडली नाही, हसलीही नाही.

बाई बाहेर आल्या. "आजी, बरं झालं आलात. हिला सगळं येतं. तुमच्याच गल्लीच्या लोकांनी लिहिलंय. मग वर्गात विचारलं की तोंड का उघडत नाही? हा हट्ट आहे. घरी लाड जरा कमी करा."

बाईंना सांगायचं वाक्य मी घरी किती दिवस घोळवत होते. भांडी घासताना, नळाला उभी असताना. तरी तोंडातून निघताना त्याचं अर्धंच निघालं. "बाई, तिला तोंडावर विचारलं की... तुम्ही जरा तिच्याकडे पाठ करून विचारा. ती बोलते."

बाई हसल्या. चिडून नाही, थकून हसल्या. "आजी, एवढ्या मुलांकडे पाठ करून शिकवू का मी?"

त्यांचंही खरं होतं. आत मुलं बाकांवर चढली होती. तरी मी तिथून हलले नाही. मी म्हटलं, "मग त्या कार्डावर दुसऱ्या रकान्यात करता येईल का? मदतीने करते, असं? म्हणजे परत कोणी ताई येईल."

"ते आता वर गेलं, आजी. वर गेलेलं मला बदलता येत नाही. पुढच्या वर्षी बघू." आणि त्या आत गेल्या, कारण आत कोणीतरी पडलं होतं.

संध्याकाळी सून आल्यावर मी सांगितलं. तिने विचारलं, "आई, तुम्ही स्वतः बोललात?" मी म्हटलं, बोलले. तिने माझ्यासमोर चहा ठेवला, स्वतःचा घेतला. मग म्हणाली, "आमच्या लाइनवर पण तसंच आहे. खोक्यावर एकदा ओकेचा शिक्का बसला की ते खोकं परत कोणी उघडत नाही. आत काही का असेना."

गिरणीवाल्या बाईला मी काही सांगितलं नव्हतं. पण गल्लीत काही लपत नाही. दळण आणायला गेले तेव्हा ती पीठ हलवून डब्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, पुढच्या मेळाव्याला खरं लिहायचं. सगळ्यांनी ठरवूनच टाकू."

मी विचारलं, "कोणाच्या मुलाचं?"

 गल्लीतल्या एकेका घरावरून तिची नजर फिरली. मग तिने डब्याचं झाकण लावलं, वरचं पीठ फडक्याने पुसलं आणि डबा माझ्या हातात दिला. दळणाचे पैसे घ्यायलाही विसरली.

आता नातीला शाळेत बाहेर उभं करत नाहीत. बाई तिला विचारतच नाहीत. ती शेवटच्या बाकावर बसते, फळ्यावरचं बरोबर उतरवून घेते, घरी येते. घरी माझ्याशी बोलते, आईशी बोलते, पण पूर्वीसारखं ऐसपैस नाही. चित्रातल्या बाईच्या तराजूत काय आहे असलं आता ती विचारत नाही. ताई कधी येणार हे महिनाभर विचारलं, मग तेही विचारायचं सोडलं.

संध्याकाळी मी भाकरी करायला उभी राहते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे झाकणं मांडते. तेलाच्या बाटल्यांची, औषधांची, पाण्याची, कुठून कुठून आणलेली. ओळीत लावते, एखादं पुढे, एखादं मागे. मग त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसते आणि त्यांना विचारते. आवाज ताईचा काढते.

"छत्री कोणाकडं हाय? सांगा. मी नाय बघत तुमच्याकडं."

झाकणं गप्प. ती थांबते. पुष्कळ वेळ थांबते. मग थोडासा खांदा वळवते आणि पुन्हा विचारते. तव्यावरची भाकरी उलटायची वेळ होऊन गेलेली असते, वास यायला लागतो. पण उलथणं वाजलं तर तिला कळेल की मी ऐकते आहे. म्हणून मी तिच्याकडे पाठ करून तशीच उभी राहते.